खांबाला लागलेला चेंडू

माणसाचे मोल ठरवताना त्याने काय केले हे पाहावे, की त्याच्या करण्यातून काय निष्पन्न झाले हे पाहावे? वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकच भासतात. परंतु त्यांच्यामध्ये किती अंतर पडू शकते, हे हॉलंडच्या एका फुटबॉलपटूची कारकीर्द पाहिली म्हणजे ध्यानात येते.

रॉब रेन्सेनब्रिंक १९४७ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे जन्मला. तो डाव्या बगलेवरून खेळे. सडपातळ अंगाचा हा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यातून असे वळसे घेत निसटे, की लोकांनी त्याला ‘सर्पमानव’ हेच नाव दिले. त्याच्या उमेदीची वर्षे शेजारच्या बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या अँडरलेख्ट संघात गेली. युरोपातील कप विनर्स कप ही स्पर्धा त्या संघाने १९७६ व १९७८ साली जिंकली आणि दोन्ही अंतिम सामन्यांत रेन्सेनब्रिंकने दोन-दोन गोल केले. १९९९ साली ती स्पर्धा बंद झाली, तरी तिच्यात सर्वाधिक, म्हणजे २५ गोल करण्याचा मान त्याच्याच नावावर राहिला. १९७६ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत बेकनबाउअरच्या पाठोपाठ त्याचेच नाव होते. एखाद्याला कृतार्थ वाटावे एवढे हे सारे खासच होते.

तथापि जग त्याला ओळखते ते एका न झालेल्या गोलासाठी. २५ जून १९७८ रोजी ब्युनोस आयर्स येथे विश्वचषकाचा अंतिम सामना यजमान आर्जेन्टिना व हॉलंड यांच्यात रंगला. नव्वदावे मिनिट आले तेव्हा १-१ अशी बरोबरी होती. रूड क्रोलने दुरून मारलेला उंच चेंडू रेन्सेनब्रिंकने धावत जाऊन गाठला व अरुंद कोनातून गोलाकडे ढकलला. चेंडू खांबावर आपटून परत आला. जादा वेळात आर्जेन्टिनाने दोन गोल केले आणि सामना ३-१ असा जिंकला. चेंडू वीतभर आत गेला असता, तर हॉलंड जगज्जेता ठरता आणि सहा गोलांनिशी रेन्सेनब्रिंक त्या स्पर्धेतील अग्रणी ठरता.

आता आम्ही विचारतो, त्या वीतभर अंतरात रेन्सेनब्रिंकचे स्वतःचे असे किती होते? धाव तीच, कौशल्य तेच, प्रयत्नही तोच. तरीही एका परिणामाने तो अमर वीर ठरता, दुसऱ्याने तो हळहळीचा विषय झाला. बर्नार्ड विल्यम्स व थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली हाच पेच ‘नैतिक दैव’ या नावाने मांडला. दोन चालक सारख्याच बेफिकिरीने गाडी हाकतात. एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. दोघांचा दोष सारखा असूनही आपण एकालाच अपराधी म्हणतो. हे न्याय्य आहे काय?

ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाला फार पूर्वीच हात घातला आहे. जो परिणाम कर्त्याला आधी ठाऊक नव्हता आणि जो केवळ योगायोगाने उद्भवला, त्याने कृतीच्या चांगुलपणात वा वाईटपणात भर पडत नाही, असा निर्वाळा संत थॉमस अक्वायनस यांनी दिला. प्रभू येशूच्या दाखल्यातही पाचाचे दहा करणारा चाकर व दोनाचे चार करणारा चाकर या दोघांना धनी एकच शाबासकी देतो. दोष येतो तो धन पुरून ठेवणाऱ्याच्या पदरी. पण उद्यम करूनही ज्याचे भांडवल बुडाले, असा चाकर त्या दाखल्यात नाही. त्याचे काय? आम्हांस वाटते, त्याचे उत्तर शुभवर्तमान शब्दांनी देत नाही, ते क्रुसाने देते. शुक्रवारच्या त्या संध्याकाळी जगाच्या हिशेबात सारेच बुडाले होते.

मात्र ‘परिणाम दैवाधीन’ असे म्हणून सर्वच जबाबदारीतून सुटता येत नाही. तो सामना जेथे झाला, त्या मैदानापासून जवळच नौदलाची एक शाळा होती. जनरल व्हिडेलाच्या लष्करी राजवटीने तेथे गुप्त छळछावणी चालवली होती. बेपत्ता झालेल्यांच्या मातांना साथ देणाऱ्या अ‍ॅलिस डोमों व लिओनी द्युके या फ्रेंच धर्मभगिनींना डिसेंबर १९७७ मध्ये पळवून तेथेच डांबण्यात आले आणि पुढे विमानातून समुद्रात फेकण्यात आले. सिस्टर द्युके यांच्या अवशेषांची ओळख २००५ साली पटली. त्याच व्हिडेलाने त्या दिवशी विजयी कर्णधाराच्या हाती चषक दिला व मैदान जयघोषाने दुमदुमले.

चेंडू आत गेला असता तर त्या राजवटीचे पाप तिळभर वाढते वा घटते काय? मुळीच नाही. तसेच रेन्सेनब्रिंकच्या गुणांतही त्या वीतभर अंतराने ना भर पडली असती, ना घट झाली. खांबाला लागलेला चेंडू हे कोणाचेच कृत्य नव्हते. धर्मभगिनींचा वध हे मात्र माणसांनी विचारपूर्वक केलेले कृत्य होते. आपली गल्लत येथेच होते. आपण अपयशाला अपराध समजतो आणि यशाच्या झगमगाटात अपराध विसरतो.

ही गल्लत केवळ मैदानावर होते असे नाही. मुलाने वर्षभर केलेला अभ्यास आपण पाहिलेला असतो, तरी निकालाच्या दिवशी आपण फक्त गुण विचारतो. रात्रंदिवस सेवा करूनही रुग्ण दगावला, तर सेवा करणारी स्वतःलाच दोष देत राहते. अशा वेळी ‘होईल सर्व ठीक’ हा दिलासा अपुरा पडतो, कारण पुष्कळदा ठीक होत नाही. तिला सांगायला हवे ते एवढेच, की तुझ्या हाती होते ते तू केलेस आणि देवाच्या दरबारी त्याचीच मोजदाद आहे.

रेन्सेनब्रिंकला २०१२ साली स्नायू झिजवणाऱ्या व्याधीने गाठले. २४ जानेवारी २०२० रोजी तो निवर्तला, तेव्हाही जगाने आधी तो खांबच आठवला. तो चेंडू गाठण्यासाठी तो शेवटच्या मिनिटालाही धावला होता, हे आपण आठवावे.