प्रश्न विचारणाऱ्याची अमानत



लेख लिहून देणारी आणि चित्रे काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता आपल्या घराघरांत पोहोचली आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर अल्पावधीतच ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील विद्यार्थी गृहपाठासाठी, दुकानदार जाहिरातीसाठी आणि नोकरदार अर्जासाठी अशा साधनांकडे वळले. साहजिकच सर्वत्र एकच विचारणा होते: या यंत्राकडून अधिक चांगले उत्तर कसे मिळवावे? विचारणा व्यावहारिक आहे आणि तिचे उत्तरही आहे. परंतु तिच्यातील ‘चांगले’ या शब्दाचा अर्थ काय, हे आधी ठरवावे लागते. मनासारखे उत्तर चांगले, की खरे उत्तर चांगले? श्रद्धावंताला हा प्रश्न टाळता येणार नाही.

नीट विचारणे

संभाषण करणारे यंत्र अफाट लिखित मजकुरावर प्रशिक्षित झालेले असते. आपल्या प्रश्नापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याचा अंदाज घेत ते उत्तर रचते. तुमचे घर, तुमची अडचण, तुमचा वाचक यांपैकी काहीही त्याला ठाऊक नसते. म्हणून मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते.

‘पाण्याच्या तक्रारीचा अर्ज लिहून दे’ एवढेच सांगितले, तर कोणत्याही शहराला चालेल असा अर्ज मिळेल. त्याऐवजी सविस्तर सांगावे. अर्ज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला द्यायचा आहे. इमारतीत इतकी कुटुंबे राहतात. अमुक तारखेपासून पाणी कमी दाबाने येते. पूर्वीच्या तक्रारीचा क्रमांक हा आहे. भाषा साधी आणि मजकूर एका पानाचा असावा. शेवटी एक वाक्य अवश्य जोडावे: जी माहिती मी दिलेली नाही ती मनाने भरू नकोस, तेथे जागा रिकामी सोड. या एका वाक्याने बरेचसे असत्य उंबरठ्याबाहेर राहते. पहिला मसुदा हाती आल्यावर तो तसाच न स्वीकारता, कोठे चुकले हे सांगून पुन्हा लिहून घ्यावा.

ही केवळ युक्ती आहे असे समजू नये. हाती घेतलेले काम मनुष्याने नीटनेटके करावे हे अल्लाहला प्रिय आहे, या आशयाची हदीस बैहकी यांनी नोंदविली आहे. प्रश्न विचारणे हेही एक कामच आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर स्नान आवश्यक झाले, तेव्हा तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. त्यांनी पुरेसे ज्ञान नसताना नकार दिला. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या सोबत्यांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, अज्ञानावर उपाय विचारणे हाच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्या माणसाने तर प्रश्न विचारलाच होता. घात झाला तो ठाऊक नसताना ठामपणे उत्तर देणाऱ्यांमुळे. आपल्या हातातील यंत्राच्या बाबतीत हा प्रसंग वारंवार आठवण्याजोगा आहे, कारण ‘मला माहीत नाही’ हे शब्द त्याच्याकडून फार क्वचित येतात. इमाम मालिक (रह.) यांच्यासारखे थोर विद्वान मात्र अनेक प्रश्नांना हेच उत्तर देत असत.

प्रश्नामागील नियत

या यंत्राचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा. प्रश्नकर्त्याचा कल ज्या बाजूला असेल त्या बाजूला त्याचे उत्तर झुकते. कारणे मागा, कारणे मिळतील. विरुद्ध कारणे मागा, तीही तितक्याच सफाईने मिळतील.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वडिलांच्या पश्चात मुंब्र्यातील एक सदनिका मागे राहिली आहे. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी अशी भावांची इच्छा आहे. मोठा भाऊ यंत्राला सांगतो: बहिणीचे मन वळेल असे, प्रेमळ भाषेतील पत्र लिहून दे; तिच्या लग्नात झालेल्या खर्चाचा उल्लेख कर; कुटुंबाच्या एकोप्याची आठवण दे. प्रश्न अगदी नेमका आहे. वाचक कोण, हेतू काय, सूर कसा, सर्व काही सांगितलेले आहे. पत्र उत्कृष्ट उतरेल, वाचताना बहिणीचे डोळे पाणावतील आणि ती सही करील. हे उत्तर ‘चांगले’ ठरले काय?

मुलींचा वाटा कुरआनने सूरह निसामध्ये (४:११) स्वतः ठरवून दिला आहे. लग्नातील खर्च त्यातून वजा होत नाही. बहिणीने समजून-उमजून, कोणत्याही दडपणाशिवाय आपला वाटा सोडला तर गोष्ट वेगळी. परंतु शब्दांच्या कौशल्याने तिचा हक्क काढून घेणे वेगळे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली हदीस नेमकी याच ठिकाणी बोट ठेवते. प्रेषित (स.) यांनी बजावले की, वाद घेऊन येणाऱ्या दोघांपैकी एक अधिक प्रभावी बोलणारा असू शकतो, आणि ऐकलेल्या बाजूवरून निर्णय त्याच्याकडे झुकू शकतो, मात्र अशा रीतीने भावाचा हक्क ज्याच्या पदरात पडला, त्याने अग्नीचा तुकडा घेतला असे समजावे.

पूर्वी असे वक्तृत्व मोजक्यांकडे होते. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून प्रश्न टंकलिखित करण्यापूर्वी थांबून पाहावे: हाच प्रश्न समोरच्या व्यक्तीला वाचून दाखविण्याची माझी तयारी आहे काय? त्या भावाने यंत्राला असेही विचारता आले असते की, वारस इतके आहेत, कर्ज इतके आहे, तर प्रत्येकाचा वाटा किती याची मांडणी करून दे, म्हणजे मी ती आलिमांकडून आणि वकिलांकडून तपासून घेईन. यंत्र तेच, कौशल्यही तेच. परंतु एका प्रश्नाने बहिणीचा हक्क बुडतो आणि दुसऱ्याने तो तिच्या हाती पडण्याची वाट मोकळी होते.

सनद कोठे आहे?

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरविलेले निवाडे सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. त्यांच्यापैकी एकाने तर हे निवाडे खरे आहेत काय, असे त्याच यंत्राला विचारून घेतले होते आणि यंत्राने होकार दिला होता. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक करनिर्धारण आदेश रद्द करून फेरविचारासाठी परत पाठविला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे मुळात नव्हतेच. यंत्राने पुढे केलेले निष्कर्ष पडताळल्याविना वापरू नयेत, असेही न्यायालयाने बजावले.

न्यायालयात खोटा निवाडा सापडतो, कारण तेथे विरुद्ध पक्ष असतो आणि न्यायाधीश असतो. आपल्या कौटुंबिक व्हॉट्सॲप समूहात खोटी हदीस आली तर तिला कोण अडविणार? यंत्राला ‘आई-वडिलांच्या सेवेबद्दल दहा हदीस दे’ असे सांगितले, तर सात खऱ्या आणि तीन रचलेल्या, पण सर्वांपुढे ग्रंथाचे नाव व क्रमांक, असेही घडू शकते. प्रेषितांच्या नावावर हेतुपुरस्सर असत्य सांगणाऱ्याला किती कठोर इशारा दिलेला आहे, हे आपण जाणतो. नकळत पुढे पाठविणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे हे माणसाच्या खोटेपणाला पुरेसे आहे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आहे. आलेली बातमी पडताळून पाहण्याचा आदेश कुरआनात (४९:६) आहे, तसेच ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे न लागण्याचाही (१७:३६).

हदीसच्या विद्वानांनी शतकानुशतके एकच प्रश्न विचारला: हे तुम्ही कोणाकडून ऐकले? यंत्राजवळ या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर नसते. आणि त्याच्याच शब्दाची खात्री त्याच्याकडूनच करून घेणे म्हणजे साक्षीदाराला स्वतःचाच जामीन ठेवण्यासारखे आहे. म्हणून त्याने संदर्भ दिला तर मूळ ग्रंथ उघडावा. ग्रंथ हाताशी नसेल तर मोहल्ल्यातील आलिमांना विचारावे. तलाक, वारसा, जकात, औषधोपचार अशा बाबतींत यंत्राचा उपयोग प्रश्न नीट मांडण्यापुरता करावा. निर्णय जाणकारांकडून घ्यावा.

चित्रांच्या बाबतीत

चित्र काढणाऱ्या साधनालाही हाच नियम लागू पडतो. केवळ ‘ठाण्याचा तलाव’ म्हटले तर कोणताही तलाव मिळेल. मासुंदा तलाव, संध्याकाळची वेळ, काठावरची वर्दळ, कोणत्या बाजूने पाहायचे, हे सांगितले तर चित्र अधिक जवळ येईल. तरीही ते छायाचित्र नव्हे, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. सजीवांच्या चित्रांविषयी विद्वानांमध्ये मतभेद आहेत. त्याबाबत आपण ज्यांचे मार्गदर्शन घेता त्यांना विचारावे. तीन गोष्टींत मात्र दुमत होऊ नये.

पहिली, कुरआनच्या आयती अशा साधनाकडून रेखाटून घेऊ नयेत. ते अक्षरे वाचत नाही, अक्षरांसारखे आकार काढते. देवनागरी जोडाक्षरे मोडलेली आपण पाहतोच. अरबीत एक नुक्ता सरकला तरी अर्थ बदलतो. निकाहपत्रिकेची नक्षी हवी तर घ्यावी, आयत मात्र तपासलेल्या मजकुरातूनच जोडावी. दुसरी, दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या अनुमतीविना यंत्रात घालू नये. २०२५ मध्ये छायाचित्रांचे रूप पालटून घेण्याच्या लाटा आल्या, तेव्हा अनेकांनी घरातील स्त्रियांची आणि मुलांची छायाचित्रे परक्या कंपन्यांच्या हवाली केली. चेहरा ही त्या व्यक्तीची अमानत आहे. तिसरी, न घडलेला प्रसंग घडल्यासारखा दाखवू नये, थट्टेतही नाही. वर्गातील एखाद्या मुलीचे बनावट चित्र तिचे शिक्षण थांबवू शकते.

इतके धोके असतील तर हे साधन घरात आणूच नये, असे काही पालक म्हणतात. त्यांची चिंता रास्त आहे. परंतु मुले ते शाळेत, मित्रांकडे, रेल्वेच्या डब्यात वापरणारच. त्यांना एकट्याने शिकू देण्यापेक्षा शेजारी बसून शिकविणे बरे. मुलाला सांगावे की, निबंध आधी तू लिही, मग त्यातील चुका यंत्राला विचार, आणि त्याने सांगितलेली प्रत्येक चूक खरोखर चूक आहे काय हे शब्दकोशात पाहा. अशाने मुलाचे इल्म वाढेल. आयता निबंध वहीत उतरविला तर गुण वाढतील, इल्म नाही. आणि आपले नसलेले आपले म्हणून दाखविण्याची सवय मात्र जडेल.

वाचकहो, उत्तराची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही. यंत्राचा हिशेब होणार नाही. कान, डोळे आणि हृदय यांविषयी जाब विचारला जाईल तो आपल्याला. अल्लाह आपल्याला सत्य जाणण्यासाठी प्रश्न विचारण्याची, मिळालेले उत्तर पडताळण्याची आणि कोणाचाही हक्क न बुडविता त्याचा उपयोग करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.