मालकी एकाची, वहिवाट अनेकांची

नांदेड-लातूरकडच्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशिवाय आणखी एक रकाना असतो, इतर हक्कांचा. बँकेचा बोजा तिथे चढतो आणि भावकीतल्या सामाईक विहिरीचा हिस्साही तिथेच नोंदवला जातो. विहीर धाकट्याच्या तुकड्यात गेली म्हणून थोरल्याची पाण्याची पाळी सुटत नाही. मालकी वेगळी, वहिवाट वेगळी, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

याच भागातून शिकून पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत गेलेली मुले हाच भेद आज काळ्या पडद्यावर टाइप करत असतात. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर, मोठी कंपनी एका खात्यावर भागवत नाही. चाचणीचे खाते निराळे, ग्राहकांच्या माहितीचे निराळे, हिशेबाचे निराळे. एका खात्यातली चूक दुसऱ्यात झिरपू नये म्हणून मधल्या भिंती मुद्दाम घातलेल्या असतात. पण प्रत्येक खात्याने आपापले नेटवर्क उभारायचे, तर ते प्रत्येक भावाने स्वतंत्र विहीर खणण्यासारखे होते. म्हणून नोव्हेंबर 2018 मध्ये एडब्ल्यूएसने ‘रिसोर्स अ‍ॅक्सेस मॅनेजर’ ही सेवा आणली. या कामातले लोक तिला ‘रॅम’ म्हणतात.

टर्मिनल उघडून ‘एडब्ल्यूएस रॅम क्रिएट-रिसोर्स-शेअर’ अशी कमांड द्यायची आणि तिला तीन गोष्टी सांगायच्या: या वाट्याचे नाव काय, द्यायचे काय आणि कोणाला. घेणारा ओळखला जातो तो त्याच्या बारा आकडी खाते क्रमांकावरून. एकाच संस्थेतली खाती असली आणि संस्थेअंतर्गत वाटप आधी सुरू केलेले असले, की पुढच्याला विचारावे लागत नाही. बाहेरच्या खात्याला मात्र आमंत्रण जाते आणि त्याने दुसरी कमांड देऊन ते स्वीकारेपर्यंत त्याच्या पदरात काहीच पडत नाही. घेणाऱ्याचा होकार इतक्या स्पष्टपणे मागणारी व्यवस्था माणसांच्या दानधर्मातही क्वचितच दिसते.

समजा, नेटवर्कचा एक भाग, ज्याला सबनेट म्हणतात, तो संस्थेतल्याच दुसऱ्या खात्याला असा वाटला. वाटेकरी त्यात आपले सर्व्हर उभे करतो. पण सबनेटची रचना बदलू शकत नाही आणि ते तिसऱ्याला पुढे देऊ शकत नाही. शेजारच्या वाटेकऱ्याने तिथे काय उभारले आहे हेही त्याला दिसत नाही. मालकाचेही हात बांधलेले असतात. वाटेकऱ्याच्या सर्व्हरला तो हात लावू शकत नाही. त्याने वाटा काढून घेतला, तर वाटेकऱ्याला नवीन काही उभारता येत नाही, पण आधी उभारलेले चालू राहते. आणि ते तिथे आहे तोवर मालकाला सबनेट पुसून टाकता येत नाही. मराठवाड्याला हा न्याय ओळखीचा वाटेल. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर इथे लागू झालेल्या 1950 च्या कूळवहिवाट कायद्याने ‘संरक्षित कूळ’ मानले ते याच भावनेने: जो कसतो आहे, त्याला एका सकाळी उठून हुसकावता येणार नाही.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो संगणकाचा नाही. वाटा देताना देणाऱ्याचे नेमके काय कमी होते? रॅममध्ये मालकी जिथल्या तिथे राहते. नव्या वापराचे दार एका ‘डिसअसोसिएट’ कमांडने बंद होते. ज्याचे दार देणाऱ्याच्या मर्जीवर उघडते-मिटते, त्याला वाटा म्हणायचे की परवानगी?

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात या प्रश्नाचे एक उत्तर गोदावरीवर काँक्रीटमध्ये उभे आहे. बाभळीचा बंधारा महाराष्ट्राने बांधला, महाराष्ट्राच्या हद्दीत. पण त्याची जागा तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्यात येते. आंध्र प्रदेशाने 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठले. 2010 च्या जुलैत चंद्राबाबू नायडूंना इथे आंदोलनासाठी येताना अटक झाली. शेवटी 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला. बंधारा 2.74 टीएमसीचा, मालकी महाराष्ट्राची, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे राहतील आणि दरवर्षी 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडले जाईल. देखरेखीला केंद्रीय जल आयोग आणि दोन्ही राज्ये यांची तीन सदस्यांची समिती.

बाभळीच्या परिसरातला शेतकरी यावर समाधानी नाही, आणि त्याचे दुःख खरे आहे: नदीला पूर असतो तेव्हा दरवाजे वर, आणि ते खाली येतात तेव्हा प्रवाह ओसरलेला. पण तत्त्वाचा विचार केला, तर इथे परवानगीचा वाटा झाला. 1 मार्चला खालच्या राज्याला विनंती करावी लागत नाही आणि वरच्या राज्याला पाणी नाकारता येत नाही. कळ मालकाच्या हातात आहे. ती केव्हा दाबायची हे मात्र त्याच्या मर्जीवर नाही.

विनोबा भावे याच्या एक पाऊल पुढे गेले. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत भूदान सुरू झाले, तेव्हा ते गाव आणि नांदेड एकाच हैदराबाद राज्यात होते. भूदानात जमीन मालकीसकट जाते. पण त्यातून निघालेले ग्रामदान तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अधिक धाडसी आहे: मालकी गावाकडे सोपवायची आणि कसणे मात्र कुटुंबाकडे ठेवायचे. महाराष्ट्राने 1964 मध्ये त्याचा कायदा केला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2013 मध्ये तो मार्ग धरला. रॅमचे हे नेमके उलटे रूप आहे. तिथे मालकी ठेवून वापर दिला जातो, इथे वापर ठेवून मालकी सोडली जाते. ज्या ईशावास्य उपनिषदावर विनोबांनी वृत्ती लिहिली, त्याचा पहिलाच मंत्र सांगतो की हे सगळे ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून सोडून मग भोगावे. वहिवाट नाकारलेली नाही. नाकारली आहे ती ‘माझे’ म्हणण्याची सवय.

रॅममध्ये वाट्यांची यादी मागताना एक गोष्ट सांगणे सक्तीचे असते: मालक कोण? उत्तरे दोनच चालतात, ‘सेल्फ’ किंवा ‘अदर-अकाउंट्स’. स्वतःचे की दुसऱ्या खात्यांचे. तिसरे उत्तर प्रणालीला ठाऊक नाही. यंत्राला तसेच हवे. ज्याला मालक नाही त्याची डागडुजी कोण करणार आणि बिल कोण भरणार? हा आक्षेप हलका नाही. सामाईक विहिरीतला गाळ कोणी काढायचा यावरून भाऊ दुरावतात.

पण नांदेडमध्येच तिसरे उत्तर तीनशेहून अधिक वर्षे जिवंत आहे. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे गुरुगादी कुणा व्यक्तीला दिली नाही, ग्रंथाला दिली. त्या ग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. वारकऱ्यांनी ती पदे दिली आणि शिखांनी उसनी घेतली, असे कोणत्याही बाजूने कुणी म्हणत नाही. दोन्हीकडे ती पूर्ण आहेत, कुठेही कमी झालेली नाहीत. आणि नांदेडच्याच हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीला बसणाऱ्याला नाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. जेवण झाले की तोच माणूस हवे तर ताटे घासायला बसतो. गव्हाचे पोते कोणी आणले आणि कणीक कोणी मळली, याची नोंद ताटापर्यंत पोचत नाही. गाळ मात्र रोज निघतो. वाढणारे आणि घासणारे हात बदलत राहतात, आणि पुढची पंगत बसते.