तंद्री लागते, पण कशाची?

कामात हरवून जाण्याची मला ओढ आहे. मुद्रितशोधनाला बसलं, की घड्याळाचा, भुकेचा, खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नचा विसर पडावा असं मनापासून वाटतं, आणि कधी कधी तसं घडतंही. त्या दिवशी उठताना मन प्रसन्न असतं. पण ती प्रसन्नता हा काम चांगलं झाल्याचा पुरावा मानायचा का?

हंगेरियन वंशाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाई यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशा माणसांशी बोलून या अवस्थेचा अभ्यास केला. १९९० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच 'फ्लो'. काय करायचं ते स्पष्ट हवं, जमतंय की नाही ते लगेच कळायला हवं आणि आव्हान आपल्या कौशल्याच्या तोडीचं हवं, असं ते सांगतात. माझ्या कामाचा पेच यातल्या दुसऱ्या अटीत आहे. कड्यावर पाय निसटू लागला, की गिर्यारोहकाला त्याच क्षणी कळतं. माझ्या नजरेतून सुटलेला काना मला काहीच सांगत नाही. तो पुस्तक छापून आल्यावर कुणा वाचकाला दिसतो.

म्हणून इथे तंद्री दोन प्रकारची असते, आणि आतून दोन्ही सारख्याच गोड लागतात. एक वाचकाची. मजकूर सुंदर असला, की मी अर्थामागे धावू लागते. मग डोळे अक्षरं पाहतच नाहीत, मनाला जे अपेक्षित असतं तेच वाचतात. दुसरी शोधकाची : 'मूल' दीर्घ, 'मुलाला' ऱ्हस्व, इथला अनुस्वार राहिला, तिथे अवतरणचिन्ह उघडलं पण मिटलं नाही. पहिली आपोआप लागते, दुसरी लावून घ्यावी लागते. त्यासाठी सोळा पृष्ठांचा एकेक फर्मा घ्यायचा, ओळीखाली पट्टी धरायची, एका वाचनात फक्त शुद्धलेखन पाहायचं. नावं, सनावळ्या, आकडे वेगळ्या फेरीत. प्रकाशकाने तेच प्रूफ आणखी कुणाकडून वाचून घेतलं असेल, तर ते मी मागून घेते आणि माझ्या खुणांशी ताडून पाहते. आपलं काय सुटतं, ते तिथेच समजतं. ते पाहणं सुखाचं नसतं, पण दुसरी तंद्री त्यातूनच पक्की होते.

अनुक्रमणिका, पृष्ठक्रमांक, पानाच्या माथ्यावरची शीर्षकं यांत कसलीच तंद्री नाही. मन ते काम दिवसाच्या शेवटावर, थकल्या डोळ्यांवर ढकलू पाहतं. इथे मला स्वतःला स्पष्ट विचारावं लागतं : मला पुस्तक निर्दोष हवं आहे, की कामातलं सुख हवं आहे?

आणखी एक टोचणी आहे. माझी शांतता घरात कुणीतरी राखत असतं. दार उघडणं, फोन घेणं, कुकरच्या शिट्ट्या मोजणं, सासूबाईंना वेळेवर औषध देणं हे त्या वेळात दुसऱ्याच्या वाट्याला जातं. त्या माणसालाही आपल्या कामात हरवून जावंसं वाटत असणार. तेवढा वेळ मी त्याला परत द्यायलाच हवा, आणि तो ठरवून द्यायला हवा.

पुस्तकाचे पैसे मोजणाऱ्याला माझी तंद्री लागली होती की नाही, याच्याशी कर्तव्य नाही. त्याला शुद्ध पान हवं. अनुक्रमणिका आणि पृष्ठक्रमांक आता मी सकाळी, डोळे ताजे असताना, सगळ्यांत आधी तपासते.