आधी छाटणीची तारीख

निफाड तालुक्यातल्या एका गावात कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर राहत होते. त्यांची स्वतःची द्राक्षबाग दीड एकराची, पण सल्ल्याचा पसारा चार-पाच गावांचा. पाऊस पडून गेला की त्यांचा फोन थांबत नसे. "सर, पोंगा फुटलाय आणि दव फार पडतंय, काय मारू?" "सर, मण्यांवर भुरी दिसतेय." सर आधी एकच विचारत, "छाटणी कधीची?" तारीख कळली की बाग डोळ्यांपुढे उभी राहायची, मग उत्तर देत. पैसा कोणाकडूनही घेत नसत.

त्यांचा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होता. सुट्टीत आला असताना त्याने हा फोनचा रतीब पाहिला आणि म्हणाला, "मामा, औषधाचा दुकानदारही सल्ला देतो, पण त्याला औषध खपवायचं असतं. तुम्हाला काही विकायचं नाही. म्हणून तर लोक तुम्हाला विचारतात. याची फी घ्यायला काय हरकत आहे? आपण वेबसाइट काढू. सभासद होईल त्याला सल्ला."

सरांना ते पटायला वेळ लागला. पण वय वाढत होतं, फोनही वाढत होते. त्यांनी होकार दिला.

भाचा कामाला लागला. मामांच्या जुन्या वह्यांमधून त्याने लेख तयार केले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, बोर्डो मिश्रण कसं करावं, घडांची विरळणी कधी करावी, सगळं आलं. साइट देखणी झाली. सगळ्या लेखांना कुलूप लावलं आणि महिन्याची फी ठेवली. लोक आले, कुलूप पाहिलं आणि परत गेले.

भाचा खट्टू झाला. सर त्याला घेऊन आप्पांच्या बागेत गेले. आप्पा गावातले सगळ्यात जुने बागायतदार. त्यांनी सरळ सांगितलं, "लेखाला मी पैसे कशाला देऊ? मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र आहे, बागायतदार संघ आहे. वाचायला भरपूर मिळतं. रात्री आठला पाऊस थांबतो आणि सकाळी सहाला मला पंप जोडायचा असतो. त्या मधल्या वेळेत माझ्या बागेचं उत्तर कोण देणार? त्याचे पैसे मी देतो."

भाच्याने साइट उलटी केली. लेख सगळ्यांसाठी खुले केले. कुलूप लावलं ते प्रश्नोत्तरांना. पहिल्याच पानावर दोन वचनं लिहिली: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच रात्री मिळेल आणि कोणत्याही औषध कंपनीकडून आम्ही दमडी घेणार नाही. खुले लेख वाचून लोकांना सरांची पारख होऊ लागली आणि ज्याला गरज होती तो सभासद झाला.

फीचा घोळ मात्र अजून सुटला नव्हता. भाच्याने शहरातल्यासारखी दरमहा आपोआप पैसे कापून घेण्याची सोय केली होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जाते. बागेत काम कमी असलेल्या दिवसांत ती सूचना आली की बागायतदार म्हणायचा, "सध्या काही विचारायचं नाही, बंद करून टाकू." ऑक्टोबरात पुन्हा सभासद व्हायचं त्याच्या लक्षातच राहत नसे. आप्पांनी इथेही वाट दाखवली. "शेतकऱ्याच्या हातात महिन्याला पगार येत नाही. माल विकल्यावर, मार्च-एप्रिलात पैसा येतो. तेव्हा वर्षाचं एकदम घ्या." फी वर्षाची झाली, 3,000 रुपये. पहिल्या हंगामात 40 सभासद झाले, सगळे आसपासच्या गावांतले. 1 लाख 20 हजार रुपये जमले. साइटचा खर्च निघाला आणि सरांच्या हाताखाली एक कृषी पदवीधर मुलगाही ठेवता आला.

पुढच्या एप्रिलला जवळजवळ सगळ्यांनी पुन्हा फी भरली. काहींनी आपल्या व्याह्यांना आणि मेव्हण्यांना आणलं. भाच्याचा उत्साह वाढला. "मामा, असं एकेक करत किती वर्षं जातील? आता जाहिरात करू." त्याने मोबाइलवर जाहिराती दिल्या आणि नव्या सभासदांना फी निम्मी केली. सटाणा, देवळा, तासगाव, पंढरपूर असे कुठून कुठून लोक आले. संख्या पाचपट झाली. भाचा रोज रात्री आकडा पाहायचा.

जुने सभासद कुरकुरले. "आम्ही पहिल्यापासून पुरे पैसे भरले आणि सवलत मात्र नव्याला?" भाच्याने ते हसण्यावारी नेलं. उत्तरांचा भार वाढला तेव्हा त्याने साच्यातली उत्तरं तयार करून ठेवली. पाऊस आला की अमुक, दव पडलं की तमुक. कळ दाबली की एकच उत्तर सगळ्यांना जाई.

आणि नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला.

निफाडकडच्या बागा ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटलेल्या. त्या फुलोऱ्यात होत्या. फुलोऱ्यातल्या घडावर डाउनी रोग पडला तर वर्षाची मेहनत पाण्यात जाते. प्रश्नांचा लोंढा आला. सर आणि तो मुलगा रात्री दोनपर्यंत उत्तरं देत बसले, तरी ढीग संपेना. शेवटी भाच्याने फुलोऱ्यातल्या बागेसाठी लिहिलेलं उत्तर सगळ्या सभासदांना पाठवून दिलं.

सटाण्याच्या एका सभासदाची बाग अर्ली होती. त्या भागात कित्येक बागायतदार सगळ्यांच्या आधी छाटणी घेतात, म्हणजे माल लवकर बाजारात येतो. याची छाटणी जुलैअखेरची. ऑक्टोबरात छाटलेली बाग नोव्हेंबरात फुलते, पण जुलैत छाटलेली तेव्हा काढणीला टेकलेली असते. फुलोऱ्यात चालणारं औषध काढणीच्या तोंडावर चालत नाही. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठरलेले दिवस जावे लागतात. त्याने विश्वासाने सकाळी पंप जोडला. काही दिवसांनी निर्यातीसाठी नमुना प्रयोगशाळेत गेला आणि औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. निर्यातदाराने माल नाकारला. घड स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने गेले.

नाशिक जिल्ह्यात अंश हा शब्द कोणी हलक्याने घेत नाही. 2010 साली द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात भारतीय माल अडला होता. त्या वर्षीचा फटका खाल्लेली माणसं अजून बागेत राबत आहेत.

तो सभासद सरांच्या घरी आला. भाच्याने घाईघाईने फी परत करण्याची तयारी दाखवली. तो बागायतदार म्हणाला, "फीच्या पैशांचा प्रश्न नाही. माझ्या शेजाऱ्याने सांगितलं होतं, या सरांना विचार, ते आधी छाटणीची तारीख विचारतात. तुम्ही मला तारीख विचारलीच नाही."

सरांनी मान खाली घातली. भाच्याकडेही उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी आप्पा आले. त्यांना सगळं कळलं होतं. ते भाच्याला म्हणाले, "काडीला झेपतील तेवढेच घड ठेवायचे असतात. जास्त ठेवले तर एकही घड धड भरत नाही, आणि पुढल्या वर्षी वेलही थकते. तुझी काडी अजून बारीक आहे, बाळा."

दुसऱ्या दिवशी भाच्याने साइटवर नव्या सभासदांचं दार बंद केलं. सटाण्याच्या बागायतदाराला फी परत दिलीच, शिवाय काय घडलं ते सरांच्या सहीने सगळ्या सभासदांना जसंच्या तसं कळवलं. साच्यातली उत्तरं काढून टाकली. प्रत्येकाच्या नावापुढे गाव, द्राक्षाचा वाण आणि छाटणीची तारीख नोंदवली. तारखेशिवाय प्रश्न पुढेच सरकणार नाही अशी सोय केली. अर्ली बागांचा गट वेगळा, ऑक्टोबर छाटणीचा वेगळा. सटाण्याकडच्या गटासाठी तिथलेच एक जाणते बागायतदार मानधन देऊन नेमले. निम्म्या फीची सवलत बंद केली. उलट, सलग तीन वर्षं राहिलेल्या सभासदाला फीत सूट दिली. आणि ठरवलं की नवे सभासद वर्षातून एकदाच, एप्रिलात घ्यायचे, तेही उत्तर देणारा माणूस वाढला असेल तेवढेच.

त्या एप्रिलला बरेच सभासद गळाले. निम्म्या फीला भुलून आलेले बहुतेक परतले नाहीत. भाच्याला वाईट वाटलं. पण पहिल्या 40 पैकी दोघेच गेले, आणि त्यातल्या एकाने तर बागच काढून टाकली होती. त्यानंतर वाढ सावकाश झाली, पण ती टिकली. दरवर्षी एप्रिलात किती नवे आले यापेक्षा किती जुने राहिले, हा आकडा भाचा आधी पाहू लागला. काही वर्षांनी त्याने पुण्याची नोकरी सोडली आणि घर याच कामावर चालवलं.

तात्पर्य: लोक सभासदत्वाची फी भरतात ती कुलपाआडच्या मजकुरासाठी नव्हे, वेळेवर आणि आपल्यापुरत्या मिळणाऱ्या उत्तरासाठी. म्हणून असं काम सुरू करणाऱ्याने आधी विचारावं, मी कोणतं वचन देतो आहे आणि ते किती जणांना पाळू शकतो? पाळता येईल तेवढेच सभासद घ्यावेत. जुन्यांना सांभाळलं की नवे त्यांच्याच तोंडून ऐकून येतात. जाहिरातीने आणलेला माणूस वचन मोडलेलं दिसताच निघून जातो आणि जाताना आपलं नाव घेऊन जातो.