कंडक्टरच्या मागे उभी राहा

चि. ऋतुजा,

नव्या तिकीट-यंत्राचं काम तुझ्याकडे आल्याचं वाचून आनंद झाला. पडद्यावर काय असावं, बटणं कुठे यावीत, असं तू विचारलंस. याचं उत्तर कंडक्टरकडे आहे. मात्र त्याला कचेरीत बोलावून विचारू नकोस. खुर्चीत बसला की तो नियम सांगेल: ठिकाण विचारायचं, पैसे घ्यायचे, तिकीट द्यायचं. त्यापेक्षा गर्दीच्या वेळी एस.टी.त चढ आणि त्याच्या मागे उभी राहा.

एका हातानं दांडा धरलेला, नोटा बोटांच्या बेचक्यात खोवलेल्या, यंत्र अंगठ्यावर चाललेलं. कुणीतरी चार तिकिटांसाठी पाचशेची नोट पुढे करतो, तेवढ्यात थांबा येतो. मग उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचे, घंटी मारायची, चढणाऱ्यांकडे वळायचं. पाठीवरचा हा आकडा कुठल्याही नियमावलीत सापडणार नाही. यंत्र जे लक्षात ठेवत नाही, ते माणूस पेनानं ठेवतोय. अशा जागा आधी टिपून घे.

यंत्र तेच राहूनही काम बदलतं, हेही ध्यानात ठेव. ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.त ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. म्हणजे ठिकाण विचारण्याच्या जोडीला माणूस पारखणं आणि वयाचा पुरावा पाहणं आलं. रोजचं काम वाढलं ते या पारखण्याचं. बटणं त्यामागून येतात.

पाहिलेल्या प्रत्येक पायरीपुढे चार रकाने आख: त्याला काय दिसतं, तो काय ठरवतो, हात काय करतो, आणि काम झालं हे त्याला कळतं कसं. चौथा रकाना रिकामा सोडू नकोस. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझलेला. तो दिवा झडप मिटली की नाही हे सांगतच नव्हता; मिटण्याचा हुकूम गेला, एवढंच सांगत होता. कर्मचाऱ्यांनी झडप बंद असल्याचं धरलं आणि दोन तासांहून जास्त वेळ पाणी वाहून गेलं. तुझ्या यंत्रातही ‘तिकीट छापा’ म्हणणं आणि तिकीट खरंच छापून बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद संपला असेल, तर पडद्यानं ते स्पष्ट सांगावं.

कामाची फोड किती बारीक करायची, असं तुला वाटेल. जॉन अ‍ॅनेट आणि कीथ डंकन या अभ्यासकांनी १९६७ साली याचा सोपा निकष दिला: चुकण्याची शक्यता आणि चुकीची किंमत, दोन्हींचा गुणाकार नगण्य झाला की थांबायचं. घंटी मारण्याची फोड नको. सवलत निवडण्याची मात्र बोटागणिक कर. तिथली चूक हिशोबात कंडक्टरच्या अंगावर येते.

मुरलेल्या माणसाबरोबर नवखाही पाहा. मुरलेला अडचण सवयीनं झाकतो, नवखा तिथेच अडखळतो. मग पुठ्ठ्याचं यंत्र करून दोघांच्या हातात दे, धावत्या गाडीत आणि उभ्यानं. साहेबांची सही त्यानंतर घे.

तुझा,
मामा