एका चहाची किंमत

ईडिथ व्हॉर्टनच्या ‘द हाउस ऑफ मर्थ’चं पहिलं प्रकरण निघालं की मावशीचं आणि माझं वाजतंच. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची, मी वकिली करते. कादंबरी १९०५ सालची. सप्टेंबरातली दुपार, न्यूयॉर्कचं जुनं ग्रँड सेंट्रल स्टेशन. एकोणतीस वर्षांच्या लिली बार्टची सव्वातीनची गाडी चुकली आहे, पुढची थेट साडेपाचला. श्रीमंत मैत्रिणीच्या गावाकडच्या बंगल्यावर तिला पोचायचंय. ओळखीतला वकील लॉरेन्स सेल्डन भेटतो. दोघं चालत निघतात, वाटेत त्याची इमारत लागते, ‘बेनेडिक’, अविवाहित पुरुषांच्या राहण्याची जागा. लिली वर जाते, चहा घेते, गप्पा मारते आणि एकटी खाली उतरते. फुटपाथवर सायमन रोझडेल समोर येतो. शेअरबाजारात पैसा कमावून वरच्या वर्तुळात शिरू पाहणारा माणूस. कपडे शिवणाऱ्या बाईकडे आले होते, असं ती त्याला सांगते. ‘बेनेडिक’ त्याच्याच मालकीची निघते.

मी : तिने खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? गाडी चुकली, ओळखीच्या माणसाकडे चहा घेतला. रोझडेलने चार लोकांना सांगितलं असतं आणि गोष्ट विरून गेली असती. हे तिलाही लगेच उमगतं. साधी घटना तिच्या खोटेपणामुळेच संशयास्पद झाली. मी तरी याला स्वभावच म्हणेन. अडचण आली की सोयीचं बोलायचं, ही तिची सवय आहे.

मावशी : जबाब तू एकटीचाच घेतलास. चहा दोघांनी घेतला होता.

मी : सेल्डनला कुणी काही विचारलंच नाही.

मावशी : तेच म्हणतेय. त्याला कुणी विचारणारही नाही. त्याला खोटं बोलण्याची वेळच येत नाही आणि मग आपण म्हणतो, किती सरळ माणूस! त्याच्या कोटाची कड झिजली तरी त्याला जेवणाची आमंत्रणं येतात. लिली त्याला हे तोंडावर सांगते. बाईचे कपडे जुने झाले की तिला बोलावणं थांबतं, कारण तिच्याइतकंच तिच्या कपड्यांना बोलावलेलं असतं. सेल्डन कमावतो, फ्लॅटचं भाडं भरतो, पुस्तकं घेतो, हवं तर लग्न करतो, नको तर नाही. लिलीच्या वडिलांचं दिवाळं निघालं, आईवडील दोघंही गेले. ती आत्याच्या घरी राहते आणि आत्याच्या मर्जीवर जगते. तिच्या हातात एकच काम आहे, लग्न जमवणं, आणि ते अकरा वर्षं लांबलंय. अशा बाईने पुरुषाच्या खोलीत चहा घेतल्याची बातमी आणि अशा पुरुषाने तिला चहा दिल्याची बातमी एकाच वजनाची आहे का?

मी : नाही. पण शिक्षा असमान आहे म्हणून कृत्य बदलत नाही. एकाच गुन्ह्यात एकाला दंड आणि दुसऱ्याला तुरुंग झाला, तर मी शिक्षेवर अपील करेन. गुन्हा घडलाच नाही, असं म्हणणार नाही. खोटं तिचंच आहे.

मावशी : तिचंच. आता पुढचा प्रश्न विचार. सेल्डनचा प्रामाणिकपणा कुणाचा?

मी : म्हणजे?

मावशी : ज्याला खरं बोलायला काही मोजावं लागत नाही, त्याचं खरं बोलणं त्याच्या चारित्र्याच्या खात्यात किती जमा करायचं? मी त्याला खोटा म्हणत नाही. पण त्याची कसोटी झालेलीच नाही. पहिल्या प्रकरणात कसोटी एकटीची होते आणि निकाल मात्र आपण दोघांचा देतो.

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मात्र प्रतिवाद होता, आणि तो पुस्तकातूनच आला.

मी : मग गर्टी फॅरिशचं काय? सेल्डनची बहीण लागते ती. घराणं तेच, वर्तुळ तेच, बाईच आहे, लग्न झालेलं नाही. लहानशा जागेत एकटी राहते आणि जगाने तिला दगड मारलेले नाहीत. लिली तिच्याबद्दल काय म्हणते? गर्टीची जागा भयंकर, तिच्याकडे मोलकरीण नाही, स्वयंपाकीणच कपडे धुते, त्यामुळे जेवणाला साबणाची चव येते. म्हणजे दुसरं दार होतं आणि लिलीने ते पाहिलंही होतं. आत जायला तिला साबणाची चव आड आली. आणि सालंही बघ. केट स्टोनमनला न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलीची सनद १८८६ मध्ये मिळाली होती. काळच तसा होता, असं म्हणून सुटता येत नाही.

मावशी : केट स्टोनमनला कुणी लहानपणापासून नाचघरासाठी तयार केलं नव्हतं. लिलीला केलं होतं. वडिलांचं दिवाळं निघाल्यावर तिची आई मुलीच्या रूपाकडे उरलेलं भांडवल म्हणून बघायची. गेलेली संपत्ती या चेहऱ्याने परत यायची होती. आणि गरिबीपेक्षाही आईला कळकटपणाचा तिटकारा होता. विटके पडदे, फिकं पडलेलं कापड, स्वस्त जेवण, हे तिच्या लेखी पापासारखं. मुलगी तेच शिकली. अर्थशास्त्रज्ञ वेब्लेनने १८९९ मध्ये लिहून ठेवलंय की या वर्गातल्या बाईचे उंची कपडे म्हणजे तिच्या यजमानाच्या पैशाचा जाहीर हिशेब असतो. लिलीचं दुःख हे, की ती यजमान मिळण्याआधीच तो हिशेब अंगावर घालून हिंडतेय, तोही उधारीवर.

मी : म्हणजे साबणाची चव न आवडणं हा तिचा स्वभाव नाही, वर्ग आहे?

मावशी : इथेच माझी स्वतःची पंचाईत होते. सेल्डन तिच्याबरोबर चालताना हाच विचार करतो. हिचं सौंदर्य म्हणजे साध्या मातीवर दिलेली चकचकीत झिलई आहे का? मग त्याला वाटतं, भरड मातीवर इतकी झिलई बसणार नाही. कदाचित माती उत्तमच असेल आणि परिस्थितीने तिला निरुपयोगी आकार दिला असेल. व्हॉर्टनने सगळी कादंबरी या एका शंकेवर उभी केली आहे आणि उत्तर दिलेलं नाही. तू म्हणतेस माती, म्हणजे लिली दोषी. मी आकार म्हणाले, तर लिली सुटते, पण मग तिच्यात स्वतःचं काही उरतच नाही. तिच्यावर दया करताना मी तिला बाहुली करून टाकते. दोषी ठरवण्यापेक्षा हा अपमान मोठा, असं मला कधी कधी वाटतं.

या पुस्तकातलं माझं दुखणं मात्र वेगळंच आहे. वर चहा चालू असताना खाली कुणीतरी आहे, आणि तिथे पोचल्यावर मावशीची दया आणि माझा न्याय, दोन्ही डळमळू लागतात.

मी : दया करायची तर सगळ्यांवर कर. सेल्डनच्या मनात त्याच फेरफटक्यात आणखी एक गोष्ट येते. हिला घडवायला फार खर्च आला असणार, आणि हिच्यासाठी कितीतरी कंटाळवाण्या, कुरूप माणसांचा बळी गेला असणार. हा विचार तो एखाद्या जाणकाराने किमती वस्तू निरखावी तसा करतो. आणि त्यानंतर घटकाभराने लिली जिना उतरते, तेव्हा तशीच एक बाई पायऱ्यांवर गुडघे टेकून फरशी घासत असते. सोबत बादली, तोंडावर देवीचे व्रण. लिलीला जागा द्यायला तिला आपला पसारा बाजूला घ्यावा लागतो. ती मान वर करून बघते, जरा जास्त वेळ बघते, आणि लिली लाल होते. ही बाई काय समजली असेल? मग स्वतःची समजूत घालते, दिपली असेल माझ्याकडे बघून. त्या बाईला या प्रकरणात नावसुद्धा नाही, मावशी.

मावशी : पुढे मिळतं. मिसेस हाफेन.

मी : पुढे, जेव्हा ती उपद्रवी ठरते तेव्हा. नवऱ्याची ‘बेनेडिक’मधली रखवालदारी गेलेली असते. सेल्डनच्या खोलीतून टाकून दिलेली प्रेमपत्रं तिच्याकडे असतात, बर्था डॉर्सेट नावाच्या विवाहितेची. तिला वाटतं पत्रं लिलीची आहेत, कारण जिन्यात तिने लिलीलाच पाहिलेलं असतं. ती विकायला येते आणि लिली पत्रं घेते. या वेळी वाचकाला घृणा वाटावी, अशी व्यवस्था व्हॉर्टनने केली आहे. लिलीच्या खोटेपणामागे तुला तिचं बालपण दिसतं, तिची आई दिसते, वेब्लेन दिसतो. या बाईमागे काय दिसतं? कामावरून काढलेला नवरा आहे, अशी दोन-चार वाक्यं, बस्स. तुझ्या मापाने मोजायचं तर लिलीपेक्षा तिला आधी माफी मिळायला हवी. मिळते का?

मावशी बराच वेळ बोलली नाही. मग तिने जे सांगितलं, त्याने मला तिच्याबद्दल आदर वाटला.

मावशी : मिळत नाही. इतकी वर्षं शिकवलं, पण त्या बाईची बाजू घेऊन मी वर्गात एकदाही बोलले नाही. माझी दयासुद्धा सुंदर चेहऱ्याकडे वळते आणि लेखिकेने ती तशी वळवली आहे. व्हॉर्टन १८६२ मध्ये याच जुन्या न्यूयॉर्कच्या श्रीमंत घराण्यात जन्मली. आपल्या वर्गाची क्रूरता तिने आतून पाहिली आणि तिच्याइतकी धारदार फार कुणी लिहिली नाही. पण जिन्यातल्या बाईकडे ती लिलीच्या डोळ्यांनी बघते. रोझडेलचंही तेच. तो ज्यू आहे आणि त्याचं दिसणं, बोलणं, लगट, सगळं त्या काळच्या ज्यूद्वेषाच्या साच्यातून आलंय. हे झाकून ही कादंबरी शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं. आणि गंमत नाही, खेदाची गोष्ट अशी की पुढे लिली भाड्याच्या खोलीत एकटी पडते, तेव्हा तिला भेटायला येणारा आणि कर्ज फेडायला पैसे देऊ करणारा माणूस रोझडेलच असतो.

मी : तरी तो आधी तिला सौदाच सांगतो. पत्रं वापर, बर्थाला नमव, मग लग्न करू.

मावशी : सांगतो. पण सौद्याला सौदा म्हणतो. बाकीचे सगळे तोच व्यवहार मैत्री म्हणून करतात.

मी : आणि लिली ती पत्रं वापरत नाही. शेवटी सेल्डनच्याच खोलीत, त्याच्या नकळत, आगीत टाकते. आत्याच्या मृत्युपत्रातून तिला दहा हजार डॉलर मिळतात, त्यातले नऊ हजार त्या श्रीमंत मैत्रिणीच्या नवऱ्याचं, गस ट्रेनरचं, देणं फेडायला काढून ठेवते. हे कुणी बघत नसताना करते. आता सांग, ही माती का आकार?

मावशी : मुद्दाम अडचणीचं विचारतेस. देणं बुडवू नये, दुसऱ्याची पत्रं वापरू नयेत, हा नियम तिला तिच्या वर्गानेच शिकवला होता. तो वर्ग स्वतः पाळत नव्हता.

मी : मग मला वाटतं, तिथे तिचं स्वतःचं काहीतरी सुरू होतं. शिकवणाऱ्यांनी सोडून दिलेला नियम ती एकटी पाळते, तेही त्यात तोटा असताना.

मावशी : मान्य. पण त्याचा अर्थ काय होतो बघ. ती निर्धन झाली, टोप्या शिवायच्या दुकानात बसली, तिथूनही काढली गेली, मग आपल्याला तिचं चारित्र्य दिसलं. पहिल्या प्रकरणात ते नव्हतं का? माणूस धुळीला मिळाल्याशिवाय त्याच्यात काही आहे हे कळू नये, हे मला मान्य नाही. असं म्हणणाऱ्याला गरिबी कधी सोसावी लागलेली नसते. आणि मिसेस हाफेन तर आधीपासूनच धुळीत होती. तिचं चारित्र्य बघायला कुठल्या प्रकरणात जायचं?

मी : तशी संधी लेखिकेने तिला दिलेली नाही.

मावशी : म्हणून निकाल द्यायचा अधिकारही आपल्याकडे नाही. निदान तिच्यापुरता.

मी : लिलीपुरता आहे?

मावशी : लिलीची चारशे पानं आपण वाचतो. तिच्या मनातलं आपल्याला कळतं, तिच्या सबबी कळतात. इतकं कळल्यावर गप्प बसणं हाही पळपुटेपणा होईल. पहिल्या प्रकरणातलं खोटं मी तिच्या नावावर मांडेन. फक्त शेजारी त्याची किंमतही लिहीन, आणि सेल्डनच्या नावापुढचा रकाना कोरा ठेवीन.

मी : कोरा का? मी त्याला पिंजऱ्यात उभा करेन. ती दारातूनच त्याचा निरोप घेते, स्टेशनपर्यंत येऊ नकोस म्हणते, आणि तो ऐकतो. बरोबर दिसण्यात तिला काय धोका आहे हे त्याला ठाऊक असतं. वर बोलावलं तेव्हाही ठाऊक होतं. तिला तिच्या परिस्थितीची शिकार मानणारा हा माणूस, तिच्या मनगटातली साखळी त्याला बेडीसारखी दिसते. इतकं दिसत असूनही तिला चहाला नेताना तो एकदाही विचार करत नाही, की हा चहा तिला महाग पडेल. कळत नव्हतं असं म्हणण्याचीही सोय त्याला नाही.

मावशी : त्याला ती आवडली होती.

मी : हा बचाव कोर्टात चालत नाही, मावशी.

मावशी : माहीत आहे. पण त्याला हवं होतं म्हणून त्याने बोलावलं आणि तिला हवं होतं म्हणून ती गेली. वर्षानुवर्षं हिशेबाने जगलेल्या मुलीने एक तासभर हिशेब बाजूला ठेवला. तेवढा तास तिला द्यायचाच नव्हता, असं तुझं म्हणणं आहे का?

मी : नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या तासाचं बिल दोघांत वाटून घ्यायला त्याने खाली उतरायला हवं होतं.

मावशी : आणि तो उतरला असता, रोझडेलने दोघांना एकत्र पाहिलं असतं, तर तिचं जास्त नुकसान झालं नसतं?

मी : झालं असतं कदाचित. पण मग ती एकटीच खोटं बोलत उभी राहिली नसती.