अलिप्त साक्षीदार काय कामाचा?

वडील संस्कृतचे शिक्षक, सांख्यकारिका त्यांना तोंडपाठ. पुरुष म्हणजे साक्षी, मध्यस्थ, अकर्ता. प्रकृतीचा खेळ तो नुसता बघतो, हे मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ऐकत आले. पुढे दोनापावलाला प्रयोगशाळेत समुद्रतळाचा गाळ निवडायची नोकरी लागली आणि साक्षीदार रोज भेटू लागले.

गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, सुकवायचा, काळ्या थाळीवर पसरायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक फोरॅमिनिफेरा उचलायचा. रव्याच्या कणाएवढं चुन्याचं घर, आतला एकपेशीय जीव केव्हाच गेलेला. त्या चुन्यातल्या बोरॉनच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण पाहिलं की त्या काळी पाणी किती आम्लधर्मी होतं ते कळतं. पण मोजायचं तर घर आम्लात विरघळवावं लागतं. दोन दिवस वेचलेले शंभरभर दाणे क्षणात नाहीसे. पहिल्यांदा मला रडू आलं होतं, साहेब हसले.

मी अडखळले ते दुसरीकडेच. ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर हा फोरॅम आपल्या काट्यांमध्ये सूक्ष्म शैवाल पाळतो. ते उन्हात प्रकाशसंश्लेषण करतं, हलका कार्बन ओढून घेतं, आणि कवचाभोवतीचं पाणी बाकीच्या समुद्राहून वेगळं होतं. म्हणजे कवचात समुद्राबरोबर त्या जिवाचं स्वतःचं जगणंही उतरतं. ते वजा करायला लागतं.

हे ऐकून वडील म्हणाले, "मग तो साक्षी कसला? पक्षकार झाला. नोंद बुद्धी ठेवते, बुद्धी प्रकृतीची. पुरुष फक्त बघतो."

मी त्यांना वॉल्विस रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेबद्दल सांगितलं. नामिबियाच्या पश्चिमेला, अटलांटिकच्या तळातून २००३ साली काढलेल्या गाभ्यांत पांढऱ्या गाळामध्ये एकाएकी तांबूस चिकणमातीचा पट्टा लागतो. ५.६ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात इतका कार्बन मुरला की तळावरची कवचं विरून गेली. खोल समुद्रातल्या फोरॅमच्या निदान तिसरा हिस्सा जाती कायमच्या संपल्या. पांढरा रंग परतायला लाखभर वर्षं लागली. चिकणमाती मात्र आधीही पडत होती, नंतरही पडत राहिली. खरी मध्यस्थ तीच. तिला त्या पाण्याचं काहीच बाधलं नाही, म्हणून त्यातल्या कार्बनबद्दल ती काही सांगूही शकत नाही. जे विरघळले, त्यांच्या रिकाम्या जागेवरून सगळं वाचायचं. असा पुरुष घेऊन मी काय करू?

वडिलांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"ते जगणं वजा करता म्हणालीस. कुठे लिहून ठेवता?"

"परिशिष्टात," मी म्हटलं.